दहापैकी नऊ ठिपके

"मोठा करा, पण फुटू देऊ नका." कराडात बसस्टँडच्या रस्त्याला आमचं फोटो आणि डिजिटल प्रिंटिंगचं दुकान आहे. हे वाक्य तिथं ऐकू आलं नाही असा दिवस जात नाही. सांगणारा मोबाइल पुढं करतो. पडद्यावर फोटो झकास दिसत असतो, कारण पडदाच मुळात तळहाताएवढा. तोच फोटो बारा बाय अठराच्या फ्रेममध्ये घालायचा म्हटलं की गणित सुरू होतं. ते मी काउंटरवर, कागद-पेन घेऊन, ग्राहकासमोरच मांडतो. न मांडलं तर नंतर वाद ठरलेला.

हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. हा आकडा डोळ्यानं ठरवलेला आहे. चांगल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा कळतो. फोटो फूटभर अंतरावर धरला, तर तो बारकावा येतो इंचाच्या तीनशेव्या भागाएवढा. म्हणजे बारा बाय अठराला ३६०० गुणिले ५४००, एक कोटी चौऱ्याण्णव लाख ठिपके. आणि व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेला फोटो बहुतेक वेळा १६०० बाय १२०० चा, एकोणीस लाखांच्या आसपास. दहा ठिपके हवेत, हातात एक. उरलेले नऊ आणायचे कुठून? "सॉफ्टवेअर असतंय की तुमच्याकडं," ग्राहक म्हणतो. असतंय. पण ते नऊ ठिपके सॉफ्टवेअर बनवतं, आणि बनवलेले ठिपके कुणाच्या चेहऱ्यावर बसणार आहेत, हे त्याला ठाऊक नसतं.

म्हणून माझं पहिलं काम कॉम्प्युटरवर नसतं, फोनवर असतं. फोटो मोठा करताना खराब होतो असं लोकांना वाटतं. तो खराब आधीच झालेला असतो, मोठा केल्यावर फक्त उघडा पडतो. आजकालच्या साध्या फोनचा फोटोसुद्धा ४००० बाय ३००० चा, सव्वा कोटीच्या जवळ ठिपक्यांचा असतो. तो घरच्या ग्रुपवर पडला की लहान होतो. तिथून कुणीतरी स्टेटसला ठेवतो, स्टेटसचा कुणी स्क्रीनशॉट काढतो, वर बॅटरीची खूण आणि खाली 'रिप्लाय'ची पट्टी तशीच. मधेच भरतीचा ऑनलाइन फॉर्म येतो, त्याला पन्नास केबीच्या आतला फोटो हवा असतो. नेट कॅफेवाला तो चेपून बसवतो आणि नेमकी तीच फाइल घरात 'फायनल' नावानं जपून राहते.

मग मी विचारायला लागतो. फोटो कुणी काढला? तो फोन अजून आहे का? बदलला असेल तर जुन्या जीमेलमध्ये लॉगिन होतं का, गुगल फोटोजला काही चढलंय का? लग्नातला असेल तर फोटोग्राफर कोण होता? जुना असेल तर अल्बमच्या मागच्या कप्प्यात निगेटिव्हची पाकिटं आहेत का बघा. निगेटिव्ह कुणी टाकून देत नाही आणि ती घरात आहे हे कुणाला आठवतही नाही. उंडाळ्याकडचे एक भाऊ वडिलांचा स्क्रीनशॉट घेऊन आले होते, दहाव्याला फ्रेम हवी होती. विचारत विचारत कळलं की मूळ फोटो पुण्याच्या चुलत भावानं काढलेला. त्याला तिथूनच फोन लावला. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, एवढं समजावण्यात चहा गार झाला, पण फाइल आली. उघडली तर भुवयांचे केस सुटे दिसत होते आणि शर्टाच्या खिशात एसटीच्या पासची कडसुद्धा. भाऊ बराच वेळ त्या खिशाकडंच बघत होते. त्या फोटोला मी काहीही केलं नाही. उजेड जरा वाढवला आणि छापला.

व्हॉट्सअॅपनं २०२३ मध्ये एचडी फोटो पाठवायची सोय दिली, तेव्हापासून थोडा फरक पडलाय. पण ते बटण दाबावं लागतं, आणि दुखवट्याच्या घरात कोण बटण बघत बसतो?

फ्लेक्सचं गणित निराळं, आणि खरं सांगायचं तर सुखाचं. दहा बाय वीसचा बोर्ड चौकात लावला, बघणारा दहा मीटरवर असला, की डोळ्याला इंचाला नऊ ठिपके मिळाले तरी चालतं. तीनशेवरून थेट नऊ! म्हणून व्हॉट्सअॅपवरचा फोटो फ्लेक्सवर सहज खपतो आणि फ्रेममध्ये खपत नाही. ग्राहकाला हे उलटं वाटतं. एवढा मोठा बोर्ड चांगला आला मग एवढीशी फ्रेम का येत नाही, असा त्याचा प्रश्न असतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली शुभेच्छुकांच्या पंचवीस-तीस मुंडक्यांची रांग असते. त्यातला एखादा तरी दुकानात येऊन, जमिनीवर पसरलेल्या फ्लेक्सवर ओणवा होऊन, आपल्या चेहऱ्याला नाक लावून बघतो आणि म्हणतो, "माझाच फुटलाय." मी त्याला रस्त्याच्या पलीकडे, रसवंतीपाशी उभं राहून बघायला पाठवतो. तिथून तो हात वर करतो. झालं समाधान.

दुकान वडिलांचं. त्यांच्या काळात पाठीमागच्या खोलीत डार्करूम होती आणि त्यात एन्लार्जर. फिल्मवरचा फोटो मोठा केला की दाणा दिसायचा, पण दाणा वेडावाकडा, कुठंही पडलेला, त्यामुळं डोळा त्याला माफ करतो. 'जाने भी दो यारो' १९८३ साली आला. त्यात दोघे फोटोग्राफर फोटो मोठा करत करत खुनापर्यंत पोचतात. फिल्मच्या बाबतीत ते अगदीच खोटं नव्हतं, निगेटिव्हमध्ये खरोखर पुष्कळ काही दडलेलं असायचं. डिजिटल फोटोत दडलेलं काही नसतं. जेवढे चौकोन तेवढीच माहिती, आणि चौकोन रांगेत बसलेले असल्यामुळं मोठे झाले की लगेच डोळ्यात खुपतात. हे चौकोन पहिल्यापासूनचे. १९५७ मध्ये अमेरिकेत रसेल किर्श नावाच्या इंजिनिअरनं आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतला, तो १७६ बाय १७६ चा. कॉम्प्युटरवरचा पहिला फोटो, आणि तोही बाळाचा! चौकोन निवडल्याचं म्हाताऱ्या वयात त्यांना स्वतःलाच वाईट वाटायचं. पण तोवर सगळं जग चौकोनात बसलं होतं.

मी धंद्यात आलो तेव्हा मोठं करायचं म्हणजे फोटोशॉपमधलं 'बायक्युबिक'. शेजारचे सोळा ठिपके बघायचे, त्यांच्यातला चढ-उतार जोखायचा आणि मधे नवा ठिपका भरायचा. चौकोन जातात, पण फोटो मऊ होतो. पाहुणे वाढले म्हणून आमटीत पाणी वाढवावं तसा प्रकार, पुरतं सगळ्यांना पण चव उतरते. तेव्हा आमच्या लाइनीत एक तोडगा फिरायचा. एकदम चौपट करू नका, दहा-दहा टक्क्यांनी वाढवत न्या, म्हणजे फुटत नाही. कोल्हापूरच्या एका ऑपरेटरनं मला तो गुपित असल्यासारखा, दार लोटून सांगितला होता. जुन्या व्हर्जनमध्ये त्यानं उन्नीस-बीस फरक पडायचाही. पण कितीही पायऱ्या करा, नसलेली माहिती पायरीवर सापडत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे क्रम, आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. जेपीजी फाइल फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातला बारकावा कमी करून जागा वाचवते. जास्त चेपलेल्या फोटोत गालावर फरशा बसवल्यासारख्या चौकटी दिसतात त्या ह्याच. रंगाची माहिती तर बहुतेक वेळा निम्म्याच आकारात ठेवलेली असते, म्हणून ओठाचा लाल हनुवटीवर सांडतो, फेट्याचा भगवा कपाळावर. हा कचरा तसाच ठेवून फोटो मोठा केला की कचराही मोठा होतो, आणि सॉफ्टवेअर जितकं हुशार तितकं ते त्या चौकटींना चेहऱ्याचा भाग समजून धारदार करतं. म्हणून आधी सफाई. रंग आणि उजेड वेगळे करायचे, फक्त रंगाचा थर हलका पुसायचा, उजेडाच्या थराला शक्यतो हात लावायचा नाही. डोळ्याला बारकावा उजेडातून कळतो, रंग थोडा पसरला तरी तो तक्रार करत नाही. हे झालं की मग मोठं करणं. आणि धार लावणं सगळ्यात शेवटी, छपाईच्या मापाला आणल्यावर.

कागदावरचा फोटो आला तर मला हायसं वाटतं, कारण स्कॅनर माझ्या हातात असतो. पासपोर्ट साइज फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा. तो १२०० वर स्कॅन केला की साधारण १६५० बाय २१०० ठिपके मिळतात, पण कागदातच तेवढा बारकावा नसतो. सहाशेच्या पुढं बहुतेक वेळा कागदाचे धागे आणि बोटांचे ठसेच वाढतात. जुन्या सिल्क फिनिशच्या कागदावर मधमाशीच्या पोळ्यासारखी नक्षी असते, ती स्कॅनमध्ये चमकते. त्याला उपाय म्हणजे फोटो एकदा सरळ ठेवून स्कॅन करायचा, एकदा उलटा फिरवून, आणि दोन्ही थर जुळवून त्यांची सरासरी काढायची. स्कॅनरचा उजेड एका बाजूनं येतो, त्यामुळं नक्षीच्या सावल्या एकमेकींना बऱ्याच खोडतात. सगळ्यात कठीण आधार कार्डावरचा फोटो. नखाएवढा, वर लॅमिनेशनची चमक. आणि खेड्यातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांचा समोरून काढलेला तेवढाच एक फोटो असतो.

आता एआय. २०१४ मध्ये हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी न्यूरल नेटवर्कला फोटो मोठा करायला शिकवलं. शिकवणी तशी सोपी आहे. चांगले मोठे फोटो घ्यायचे, ते मुद्दाम लहान करायचे, आणि यंत्राला लहानावरून मोठा काढायला लावायचं. चुकलं तर मूळ फोटो दाखवायचा. असं अगणित वेळा. सुरुवातीची यंत्रं स्वच्छ लहान केलेल्या फोटोवर शिकलेली, त्यामुळं आमच्याकडं येणाऱ्या, पाच ग्रुपांतून फिरलेल्या फोटोपुढं ती गडबडायची. २०२१ मध्ये रिअल-ईएसआरगॅन नावाची पद्धत आली. तिच्यात शिकवतानाच फोटो धूसर करून, दाणा घालून, जेपीजीनं चेपून, पुन्हा तेच सगळं करून खराब करतात. आज फुकट मिळणारी पुष्कळ सॉफ्टवेअर त्यावरच चालतात. भिंती, झाडं, साडीचा काठ, गाडी ह्यांना मी ते बिनधास्त वापरतो. विटांची भिंत थोडी निराळी आली म्हणून कुणाच्या काळजाला लागत नाही.

चेहऱ्याला मात्र लागतं. मसूरच्या एक ताई आईच्या वर्षश्राद्धासाठी फोटो मोठा करायला आल्या. बरोबर भाचा होता, त्यानं मोबाइलवरच्या एका अॅपमधून फोटो 'क्लिअर' करून आणला होता. पहिल्या नजरेला मीही म्हटलं असतं, काय सुंदर आलाय! कातडी स्वच्छ, डोळ्यात चमक, पदराचा धागा न् धागा मोकळा. ताईंनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"ही कोण?"

भाचा हसला. "आजी हाय की गं मावशी."

"हनुवटीवरचं गोंदण कुठाय तिचं?"

मी मूळ फोटो उघडला. हनुवटीवर तीन हिरवट ठिपके, प्रत्येक जेमतेम दोन-तीन पिक्सेलचा. कपाळाला कुंकवाखाली अजून एक बारीक खूण. यंत्रानं ते डाग समजून पुसले होते. त्याचा दोष म्हणायचा तर त्यानं जे चेहरे पाहून शिकून घेतलं, त्यांत गोंदलेल्या हनुवट्या फार नसणार. आजी मिश्री लावायच्या, दात काळपट होते आणि हसताना ते दिसत होते. नव्या फोटोत पांढरेशुभ्र दात, वर एक जास्तीचा. आडवी चिरी जाऊन तिथं गोल टिकली आली होती. वय दहा-बारा वर्षांनी कमी झालेलं. भाच्याला ह्यातलं काही खटकलं नव्हतं, कारण त्यानं आजी पाहिली ती बहुतेक फोटोतच. लेकीनं मात्र आयुष्यभर पाहिलेलं तोंड होतं ते.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २०२० मध्ये 'पल्स' नावाचा असाच प्रयोग झाला. चेहऱ्याचा अगदी धूसर, लहान फोटो घ्यायचा आणि स्वच्छ मोठा चेहरा काढायचा. लोकांनी त्यात बराक ओबामांचा धूसर फोटो घातला, तर बाहेर आला एक गोरा माणूस. त्यावर जगभर चर्चा झाली. मला त्यातली एकच गोष्ट धंद्याच्या उपयोगाची वाटली. ते यंत्र बिघडलेलं नव्हतं. बाहेर आलेला चेहरा पुन्हा लहान केला तर तो दिलेल्या धूसर फोटोशी जवळपास जुळायचा. म्हणजे एका धूसर फोटोतून कितीतरी वेगवेगळी माणसं निघू शकतात, आणि सगळी गणिताला पटतात. त्यातलं आपलं कोण, हे सांगणारा घरचाच लागतो.

ताईंना मी शेजारी स्टुलावर बसवून घेतलं. एरवी मी ग्राहकाला मशीनजवळ येऊ देत नाही, आजूबाजूला हजार फाइल उघड्या असतात. खाली साधा बायक्युबिकनं मोठा केलेला मऊ फोटो ठेवला, वर एआयचा थर घेतला आणि तो अर्ध्याहून कमी दिसेल इतका फिका केला. पदर, केस, मागची भिंत इथं तो पूर्ण राहू दिला. तोंड आणि हनुवटीवरून ब्रशनं काढून टाकला. गोंदण मूळ फोटोतूनच मोठं करून घेतलं, हातानं रंगवलं नाही. डोळ्यांजवळ ताई म्हणाल्या, "जरा कमी करा, एवढं लख्ख बघत नव्हती ती. मोतीबिंदू होता." कमी केलं. शेवटी सगळ्यावर बारीक दाणा टाकला. नाहीतर धारदार पदर आणि मऊ चेहरा वेगवेगळ्या फोटोतले वाटतात. दाण्यामुळं नजर एकसारखी फिरते, आणि गंमत म्हणजे लोकांना फोटो अधिक स्पष्ट वाटतो.

माप मात्र मी बारा बाय अठरा दिलं नाही. आठ बाय दहा छापला आणि भोवती रुंद पांढरा माउंट घालून फ्रेम बारा बाय अठराचीच केली. हे मी हल्ली पुष्कळदा करतो. भिंतीवर जागा तेवढीच व्यापते, खर्चही तेवढाच, आणि बनवायचे ठिपके निम्म्याहून कमी होतात. कागदही चकचकीत नको, मॅट किंवा कॅनव्हास. चकचकीत कागद एकही उणीव झाकत नाही. आणि पूर्ण छपाईआधी डोळ्यांची एक आडवी पट्टी खऱ्या मापात काढून हातात द्यायची. मॉनिटरवर झूम करून 'ओके' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

एक काम मी घेत नाही. अक्षरं. जुन्या लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, कोनशिला. देवनागरी लहान फोटोतून एआयनं मोठी केली की लांबून झकास दिसते आणि जवळून वाचता येत नाही, काने-वेलांट्या एकमेकांत मिसळून भलतीच लिपी तयार होते. सरळ श्रीलिपीत टाइप करून घ्यायचं. लोगो असेल तर कोरलड्रॉमध्ये रेषा नव्यानं मारायच्या, मग तो काडेपेटीवर छापा नाहीतर पाण्याच्या टाकीवर, फुटायचा प्रश्नच येत नाही.

याच जातीतलं दुसरं गिऱ्हाईक म्हणजे सीसीटीव्हीचं. गाडी ठोकून गेली, पेट्रोल पंपाच्या कॅमेऱ्यात दिसते, नंबर तेवढा काढून द्या. त्यात आमची एमएच ५० सिरीज धरून दहा अक्षरं, आणि पूर्ण पाटी फोटोत पंधरा-वीस पिक्सेल रुंद. एका अक्षराच्या वाट्याला दोनसुद्धा येत नाहीत. एआयला दिलं तर ते लाजत नाही, ठळक नंबर काढून देतं. तो कुणाचातरी असतोही, फक्त ठोकून गेलेल्याचा असेलच असं नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका न्यायालयानं २०२४ मध्ये एआयनं सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला, ते मला पटलं. मी लोकांना सांगतो, फोटो नको, अख्खी रेकॉर्डिंग आणा. गाडी हलत असते, प्रत्येक फ्रेममध्ये पाटी अर्ध्या-पाव पिक्सेलनं सरकलेली असते. अशा पुष्कळ फ्रेम नीट जुळवल्या तर खरोखरच थोडी नवी माहिती हाती लागते. साय आणि हुआंग यांनी १९८४ मध्येच हे उपग्रहाच्या चित्रांसाठी मांडलं होतं. आताचे काही फोनही झूम करताना हाताच्या थरथरीचा असाच उपयोग करून घेतात. फ्रेम जुळवून नंबर निघाला तर मी देतो, एखादं अक्षर संशयास्पद असेल तर तिथं प्रश्नचिन्ह काढून देतो. लोकांना प्रश्नचिन्ह आवडत नाही. पैसे द्यायला तर अजिबात आवडत नाही.

ह्या सगळ्यावर मला सुचलेला उपाय अगदीच अडाणी आहे. पेन्शनच्या नाहीतर बँकेच्या कामासाठी म्हातारी माणसं पासपोर्ट फोटो काढायला येतात. ते झाले की मी म्हणतो, जरा थांबा, पदर नीट घ्या, टोपी सरळ करा, आणि खिडकीच्या उजेडात एक निवांत फोटो काढून घेतो. ठेवू का म्हणून विचारतो. हो म्हणाले तर पूर्ण आकारात, गाव आणि आडनाव घालून हार्ड डिस्कवर ठेवतो. त्याचे पैसे लावत नाही. कधीतरी घरचे येतात तेव्हा फाइल शोधायला दोन मिनिटं लागतात आणि मोठा करायचा प्रश्नच उरत नाही.

सगळ्यांनाच ते रुचतं असं नाही. परवा ओगलेवाडीच्या एक मावशी आल्या होत्या. मी खिडकीकडं बसा म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं एकदा खालून वर पाहिलं. "का रं बाबा? आत्ताच भिंतीवर लावतोस व्हय मला?"

म्हटलं, "न्हाई मावशी, नातवाच्या लग्नाच्या फ्लेक्सवर."

"मग थांब," म्हणाल्या, आणि पिशवीतून नथ काढली.